लाकडी पाइप : तिन्ही भोकं एकमेकांना नेमकी कशी जुळवायची?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी,

लाकूडकाम मी हौसेनं करतो. डबे, चौकटी, एक-दोन स्टुलं एवढीच आजवरची मजल. मध्यंतरी ब्रायरचा (पाइपसाठी वापरतात त्या लाकडाचा) एक ठोकळा हाती आला आणि तंबाखूचा पाइप करून बघायचं मनानं घेतलं. बाहेरचा आकार अगदी हवा तसा उतरला. कानस, मग पॉलिश पेपर, मग मेण, असं करत आठ दिवस मी त्यातच होतो. पण पाइप म्हणून तो साफ फसला, आणि फसला तो आतल्या भोकांपायी.

रचना माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाइपच्या लाकडात तीन भोकं असतात. तंबाखू भरायची वाटी म्हणजे चेंबर. दांडीच्या तोंडाशी मुखनळीची खुंटी बसवायचं भोक म्हणजे मॉर्टिस, आणि त्या खुंटीला टेनन म्हणतात. या दोन्हींना जोडणारी धुराची बारीक वाट म्हणजे एअरवे. माझी मापं अशी होती: चेंबर १९ मिमी व्यासाचा आणि ३८ मिमी खोल, मॉर्टिस ८ मिमी व्यासाचं आणि २२ मिमी खोल, एअरवे ४ मिमी.

मी आधी चेंबर पाडला, मग दांडीकडून मॉर्टिस, आणि शेवटी त्यातूनच ड्रिलचं लांब बिट घालून एअरवे. बिट चेंबरमध्ये उघडलं तेव्हा आत टॉर्च मारून पाहिलं. तळाशी निघायला हवं होतं ते भोक तळापासून चांगलं ५ मिमी वर निघालं होतं. तेही मधोमध नाही, डावीकडे सरकलेलं. तोंडाशी एक ढलपीही उडाली होती. याचा परिणाम पाइप पेटवल्यावर कळला. भोकाच्या खालची तंबाखू शेवटपर्यंत जळत नाही, तिथे ओला काळा चोथा साचतो, आणि दहा मिनिटांत दांडीतून गुडगुड ऐकू यायला लागते. साफ करायची केसाळ तार, म्हणजे पाइप क्लीनर, आत घातली तर ती टेननच्या टोकाशीच अडते.

माझ्याकडे लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) नाही, टेबलावरचं साधं उभं ड्रिल मशीन आहे. दुसरा ठोकळा तयार आहे, पण त्याला हात लावायचा धीर होत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भोकांचा क्रम काय ठेवायचा? लांब बारीक बिट सरळ जावं म्हणून काय करायचं? आणि चेंबरचा तळ गोल यावा म्हणून कुठलं बिट वापरायचं?

लेथकर

तुमचा क्रमच घात करतोय. तो उलटा करा: दांडीचं तोंड आधी सपाट करायचं, मग मॉर्टिस, मग एअरवे, आणि चेंबर सगळ्यात शेवटी.

का ते सांगतो. चेंबर आधी पाडला की एअरवेच्या बिटाला शेवटी गोल भिंत फोडून पोकळीत जावं लागतं. पलीकडे आधार नाही, समोर वळणदार पृष्ठभाग आहे, त्यामुळे बिट घसरतं आणि जाता जाता ढलपी उडवतं. तुमचं हेच झालं. चेंबर शेवटी पाडला तर एअरवे भरीव लाकडात संपतो आणि चेंबरचं मोठं बिट वरून खाली येताना त्याचं तोंड स्वच्छ कापून टाकतं.

मी हे लेथवर करतो. दोन जबड्यांच्या चकात ठोकळा धरायचा, बिट टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाच्या भागात. यात एक मोठा फायदा असतो. बिट फिरतं आणि लाकूड स्थिर असतं तेव्हा बिट एकदा कललं की कलतच जातं. लाकूड फिरत असलं तर बिट एका अंगाला ओढलं जात नाही, म्हणून त्याचं वाकणं बरंच कमी होतं. पण लेथ नाही म्हणून पाइप होत नाही असं अजिबात समजू नका. इथे गुण्याकाका फक्त ड्रिल मशीनवर करतात आणि त्यांच्या पाइपमध्ये क्लीनर कुठेही न अडता जातो. ते लिहितीलच.

गुण्या

लेथकरांनी क्रम बरोबर सांगितला. उभ्या मशीनवर सरळ भोक कसं पाडायचं तेवढं मी सांगतो. बिटावर विसंबायचं नाही, सगळा भरवसा रेषांवर ठेवायचा.

ठोकळ्याच्या सहाही बाजू गुण्याला लावून काटकोनात करून घ्या. एका बाजूवर पाइपची पूर्ण आकृती काढा: चेंबरची मध्यरेषा, दांडीची मध्यरेषा, चेंबरचा तळ. आता महत्त्वाचं. एअरवेची रेषा चेंबरच्या तळाशी थांबवू नका. ती तशीच पुढे वाढवून ठोकळ्याच्या पार पलीकडच्या टोकापर्यंत न्या. दांडीच्या तोंडावर जिथे रेषा सुरू होते तिथे एक खूण, आणि पलीकडे जिथे ती बाहेर पडते तिथे दुसरी. दोन्ही खुणा ठोकळ्याच्या जाडीच्या बरोबर मध्यावर घ्या आणि सेंटर पंचनं टोचून ठेवा.

मशीनच्या टेबलावर एक फळी शिकंज्यानं घट्ट आवळा. तिच्यात ४ मिमीचं भोक पाडा, आणि फळी जराही न हलवता त्या भोकात ४ मिमीचा टोकदार खिळा उलटा बसवा, टोक वर. हे टोक आता बिटाच्या थेट खाली, त्याच उभ्या रेषेत आहे. ठोकळ्याची मागची खूण खिळ्याच्या टोकावर टेकवायची आणि पुढची खूण बिटाच्या टोकाखाली आणायची. दोन बिंदू एका ओळंब्यात आले की भोकाला खिळ्याच्या रोखानंच जावं लागतं. कोन मोजायची गरजच पडत नाही. दांडी सरळ असो की तिरकी, रेषा काढता आली म्हणजे भोक पाडता येतं.

ही पद्धत मी एका जुन्या सुतारांकडून शिकलो. ते पाइप करत नसत, दिव्यांचे खांब करत. त्यात वायरसाठी लांब भोक दोन्ही टोकांकडून पाडून मध्ये गाठायचं असे. आधी खूण, मग खिळा, मग बिट, एवढंच ते सांगत.

तीन गोष्टी सांभाळा.

पहिली म्हणजे बिट जिथे शिरतं ती बाजू बिटाला काटकोनात हवी. तिरक्या पृष्ठभागावर बिट टेकलं की टोक उताराकडे सरकतं आणि तिथेच सगळं बिघडतं. वाकड्या दांडीच्या पाइपसाठी तो कोपरा आधी करवतीनं रेषेला काटकोनात कापून घ्या.

दुसरी, लांब बिटानं सुरुवात करू नका. ४ मिमीचं लांब बिट बोटानं ढकललं तरी वाकतं. आधी आखूड, ताठ बिटानं जमेल तेवढं खोल जा, मग लांब बिट लावा. त्याला आखूड बिटाचं भोक वाट दाखवतं.

तिसरी गोष्ट छोट्या मशीनची. बिट एका दमात ५० ते ६० मिमीच उतरतं आणि आपल्याला त्याहून जास्त खोल जायचं असतं. मग टेबल वर घ्यावं लागतं, आणि गोल खांबावरचं टेबल वर घेताना फिरतं. म्हणून टेबल आवळण्याआधी मशीन बंद ठेवून बिट हातानं भोकात उतरवून पाहा. अडतंय असं वाटलं तर टेबल किंचित इकडेतिकडे करा. बिट सैल, आपसूक उतरलं की मगच आवळा.

ठोकळा नुसत्या हातानं धरून मशीन चालू करायचं नाही. बिट अडकलं की ठोकळा गरकन फिरतो. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

सुतारपक्षी

गुण्याकाका, हा प्रतिसाद मी छापून मशीनशेजारी लावतोय. मनापासून आभार.

एक शंका आहे. एअरवे आधी पाडायचा तर थांबायचं कुठे? जास्त आत गेलो तर चेंबरच्या पलीकडच्या भिंतीत खड्डा राहणार ना?

लेथकर

राहणार, म्हणूनच खोली आधी मोजून बिटावर टेपची पट्टी गुंडाळायची. बिटाचं टोक चेंबरच्या मध्यरेषेवर आलं की थांबा. ११८ अंशांच्या साध्या ४ मिमी बिटाचं निमुळतं टोक साधारण १.२ मिमी लांब असतं. तेही मोजमापात धरायचं, म्हणजे टोक मध्यावर असलं तर भोकाची पूर्ण रुंदी त्याच्या १.२ मिमी अलीकडे संपलेली असते. चेंबरचा तळ गोल असल्यामुळे खाली त्याची रुंदी फार कमी उरते. मध्य ओलांडून पुढे गेलात तर तो खड्डा चेंबरच्या बिटानं पुसला जात नाही.

चेंबरच्या खोलीचं गणित असं: वरच्या कडेपासून एअरवेच्या मध्यापर्यंतचं अंतर, अधिक एअरवेचा अर्धा व्यास. मध्य ३६ मिमीवर असेल तर चेंबर ३८ मिमी. तेव्हा तळ एअरवेच्या खालच्या कडेला येऊन टेकतो आणि खाली चोथा साठायला जागाच उरत नाही.

शेवटचे ४ मिमी मी घाईनं कधीच करत नाही. अर्धा मिमी उतरायचं, मशीन बंद करायचं, भुसा फुंकायचा, टॉर्च मारायचा. आधी तळाच्या मध्याशी तिळाएवढं भोक दिसतं. मग ते दांडीच्या दिशेनं लांबत जातं आणि होडीच्या आकाराचं होतं. होडीचा तळ आणि चेंबरचा तळ एक झाला की थांबायचं. इतके पाइप केले तरी तो तीळ पहिल्यांदा दिसतो त्या क्षणी मी अजूनही श्वास रोखून असतो.

जाई

छान चर्चा. वाचनखूण साठवली.

मी मात्र क्रमाबद्दल थोडी वेगळी बाजू मांडते. मी आकार आधी काढते आणि भोकं नंतर पाडते. ही वाट रुळवण्याचं श्रेय डेन्मार्कमध्ये काम केलेले सिक्स्टेन इव्हार्सन (१९१०-२००१) यांना दिलं जातं. त्याआधी कारखान्यांमध्ये भोकं आधी पाडत आणि आकार त्यांच्याभोवती घडवत. आकार आधी काढला की लाकडाच्या रेषा कुठे उभ्या धावतात, कुठे पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके येतात ते दिसतं आणि पाइप त्यांना धरून वळवता येतो. आणखी एक फायदा असा की ब्रायरच्या पोटात दडलेला खड्डा किंवा चीर आधीच उघडी पडते, भोकांची मेहनत वाया जात नाही.

अडचण एकच, गोल झालेला ठोकळा धरायचा कसा. म्हणून नवीन माणसाला मी मधला मार्ग सुचवेन. बाजूनं दिसणारा आकार पट्टा करवतीनं कापून घ्या, पण दोन्ही गाल सपाट आणि एकमेकांना समांतरच राहू द्या. शिकंज्यात धरायला तेच लागतात. भोकं झाली की मग गाल गोल करा.

तिन्ही भोकांचा आपसातला क्रम मात्र लेथकर म्हणतात तोच. त्याबद्दल माझं दुमत नाही.

कानस

बिटांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

चेंबरसाठी साधं ट्विस्ट बिट वापरलं तर तळ उलट्या शंकूसारखा येतो, फोर्स्टनर बिटानं सपाट येतो. दोन्हीत तंबाखू कोपऱ्यात अडकून राहते. आपल्याला वाटीसारखा गोल तळ हवा. तयार बिटं मिळतात, पण मी पातं असलेलं स्पेड बिट घासून माझं मीच करतो.

२० मिमीचं स्पेड बिट घ्या. जाड पुठ्ठ्यातून १९ मिमी रुंदीचा, खाली अर्धगोल असलेला साचा कापा. बिटाचं मधलं टोक सहाणेच्या चाकावर काढून टाका, दोन्ही कडा रुंदीला आणा, मग खालचे कोपरे साच्यात बसेपर्यंत गोल करत न्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. एक बाजू अर्ध्या मिमीनंही पुढे असली तर तीच एकटी कापते आणि चेंबर मापापेक्षा मोठा आणि लंबगोल येतो. धारेच्या मागचा भाग किंचित उतरता ठेवा, नाहीतर बिट कापण्याऐवजी घासत बसेल. पातं निळं पडू देऊ नका. दोन-तीन सेकंद घासायचं आणि पाण्यात बुडवायचं. निळं पडलं की त्या जागची धार टिकत नाही.

टोक काढलेल्या बिटाला केंद्र उरत नाही, ते सुरुवातीला भटकतं. म्हणून आधी १२ मिमीच्या बिटानं मध्यावर भोक पाडा, पण त्याचं टोक चेंबरच्या तळाच्या ६ मिमी अलीकडे थांबवा. मग गोल बिट मंद वेगावर उतरवा. माझ्या मशीनवर मी मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. धारेतून ढलप्या निघायला हव्यात. पिठासारखा भुसा निघत असेल तर धार गेली आहे. करपल्याचा वास आला तर तिथल्या तिथे थांबा.

एअरवेच्या लांब बिटाचं दुखणं वेगळं आहे. त्याचे पन्हाळीसारखे चर लाकडात पूर्ण बुडाले की भुशाला बाहेर यायला वाट उरत नाही. तो आतच दाबला जातो, तापतो, आणि बिटाला एका बाजूला ढकलतो. पुष्कळदा लोक लाकडाच्या रेषांना दोष देतात, पण खरा दोष असतो तुंबलेल्या भुशाचा. दर ३-४ मिमीला बिट पूर्ण बाहेर काढा, ब्रशनं झाडा, पुन्हा घाला. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

भुसाभर

मी मुख्यतः लाकडाबद्दल बोलतो.

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या झुडपाची, मुळं आणि खोड यांच्यामधली गाठ. ती उकळून तिच्यातला चीक काढतात आणि पुढे महिनोन्‌महिने, काही जण वर्षानुवर्षं वाळवतात. ठोकळा आतून ओला असेल तर आज पाडलेलं गोल मॉर्टिस महिन्याभरात लंबगोल होतं आणि मुखनळी सैल पडते. ड्रिल करताना निघणारी ढलपी बोटांत चुरडून पाहा. कुरकुरीत तुटली तर ठीक. वाकली, गार लागली, बिटाला चिकटली तर काम थांबवा आणि ठोकळा महिनाभर बाजूला ठेवा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दर आठवड्याला वजन करून ठोकळ्यावर पेन्सिलनं लिहायचं. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन बदललं नाही की तो वाळला.

ऑलिव्ह, चेरी, पेअर यांच्या लाकडांचेही पाइप होतात. ती ब्रायरइतकी आच सोसत नाहीत, म्हणून भिंत थोडी जाड ठेवायची. कुठलं झाड आहे ते माहीत नसेल तर त्याचा पाइप करू नका. कण्हेरीच्या तर वाटेलाच जाऊ नका, ते झाड आख्खं विषारी आहे. यू हे झाडही विषारीच.

आणि मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. हे मी कुणाला उपदेश म्हणून लिहीत नाही. कारागिरी मलाही प्रिय आहे, पण जो धोका आहे तो माहीत असलेला बरा.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार. आधी टाकाऊ लाकडावर सराव करतोय.

अवांतर नाही, पण थोडं पुढचं विचारतो. वाकड्या दांडीच्या पाइपमध्ये दांडी वर वळते आणि एअरवेला मात्र चेंबरच्या तळाशी यायचं असतं. मग मॉर्टिस आणि एअरवे एका रेषेत कसे राहणार?

लेथकर

शक्य तिथे एकाच रेषेत ठेवायचे. आकृती काढतानाच दांडीचं वळण एवढंच घ्यायचं की तोंडाच्या मध्यातून निघालेली सरळ रेषा दांडीच्या लाकडातून बाहेर न फुटता तळाशी पोचेल. ती पोचत नसेल तर दांडी जाड करा किंवा वळण मुखनळीत घ्या. एबोनाइट (मुखनळीचं कडक रबर) गरम करून वाकवता येतं, लाकडातली वाट वाकवता येत नाही.

फारच वाकडा पाइप असेल तर मॉर्टिस एका कोनात आणि एअरवे दुसऱ्या कोनात पाडतात. पण त्यालाही मर्यादा आहे. ८ मिमी रुंद, २२ मिमी खोल मॉर्टिसमध्ये ४ मिमीचं बिट तिरकं घातलं, तर वरच्या कडेला न घासता ते मॉर्टिसच्या रेषेपासून जेमतेम १० अंश कलू शकतं. मॉर्टिस १५ मिमी खोल केलं तर १५ अंशांच्या जवळपास जाता येतं, पण टेनन आखूड झाला म्हणजे सांधा कमजोर. शिवाय अशा पाइपमध्ये एअरवे मॉर्टिसच्या तळाच्या मध्यावर न निघता कडेला निघतो आणि क्लीनर तिथे धडकतो. मग त्या भोकाच्या तोंडाशी बारीक गोल कानशीनं उतार करून द्यावा लागतो.

पहिले पाच-सहा पाइप सरळ दांडीचे करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाई

क्लीनर टेननशी अडतो हे सुतारपक्षी यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं, ते मागे राहिलं. त्याचं कारण बहुधा एअरवेत नाही, सांध्यात आहे.

मॉर्टिसचा तळ आणि टेननचं टोक यांच्यात जागा राहिली की धूर त्या पोकळीत पसरतो, थंड होतो आणि त्याचं पाणी तिथेच साचतं. गुडगुडीचं अर्धं कारण ते असतं. व्हर्निअर मापकाच्या मागच्या दांडीनं मॉर्टिसची खोली मोजा आणि टेनन त्यापेक्षा अर्धा मिमीच आखूड ठेवा. अगदी बरोबर किंवा लांब ठेवू नका. टेकला तर मुखनळी आणि दांडी यांच्यामध्ये फट दिसते, आणि जोर लावला तर दांडी तडकते. मॉर्टिसचा तळ ट्विस्ट बिटामुळे शंकूसारखा असेल तर सपाट टोकाच्या बिटानं तो हलकेच सपाट करून घ्या.

मग टेननच्या भोकाचं तोंड काउंटरसिंक बिटानं नरसाळ्यासारखं थोडं उघडा. क्लीनर जाताना मुखनळीकडून जातो, पण परत ओढताना याच तोंडाशी अडकतो.

एक छोटी गोष्ट मापाची: ५/१६ इंची बिट म्हणजे ७.९४ मिमी. ८ मिमीच्या टेननसाठी ते वापरलं की सांधा कडक बसतो आणि ८ मिमीचं वापरलं की सैलसर. दोन्ही प्रकारची बिटं एकाच डब्यात असतील तर आधी मोजूनच घ्या.

गुण्या

सुतारपक्षी, तुमचा पहिला पाइप टाकून देऊ नका. सिगारची बारीक राख पाण्यात कालवून घट्ट लगदा करा. एअरवेत क्लीनर घालून ठेवा म्हणजे तो बुजणार नाही. लगदा तळाशी दाबत थेट एअरवेच्या खालच्या कडेपर्यंत भरा, चमच्याच्या पाठीनं गोल करा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. तळ ५ मिमी वर येईल. डावीकडे सरकलेलं भोक काही सरळ होणार नाही, पण चोथा राहणं थांबेल.

सुतारपक्षी

पाच आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

गुण्याकाका, राखेचा लगदा कामी आला. चोथा राहत नाही. टेननही जाईताईंनी सांगितल्याप्रमाणे नवीन केला, तर गुडगुड जवळजवळ गेली.

सरावासाठी टाकाऊ लाकडाचे चार ठोकळे केले. भोकं पाडून झाली की प्रत्येक ठोकळा मध्यरेषेवर करवतीनं उभा चिरायचा आणि आत काय झालंय ते डोळ्यांनी बघायचं, असं ठरवलं होतं. पहिल्यात एअरवे दीड मिमी खाली गेला होता, कारण सुरुवातच लांब बिटानं केली होती. कानस म्हणतात ती तुंबलेल्या भुशाची गोष्ट दुसऱ्यात दिसली. चिरल्यावर भोकाची भिंत अर्ध्यापर्यंत स्वच्छ होती, पुढे तपकिरी करपलेली, आणि करपायला लागली तिथूनच ती वाकली होती. तिसरा बरा आला. चौथ्यात मॉर्टिस, एअरवे आणि चेंबरचा तळ अशी एक अखंड रेघ दिसली. तो अर्धा ठोकळा मी मशीनच्या वर खिळ्याला टांगून ठेवलाय.

काल ब्रायरला हात लावला. खिळ्यावर मागची खूण टेकवली, बिट खाली आणलं, दोन्ही खुणा चार वेळा तपासल्या. एअरवेलाच पाऊण तास लागला. मग चेंबर. शेवटचे ४ मिमी लेथकरांनी सांगितलं तसे अर्ध्या-अर्ध्या मिमीनं. तीळ दिसला, तोही मधोमध! होडी झाल्यावर थांबलो. मुखनळीकडून क्लीनर घातला, तो न अडता चेंबरच्या तळाशी आला आणि त्याचं पांढरं टोक वर डोकावलं.

फक्त एक गोष्ट उरली. चेंबर १९ मिमीच्या बिटानं पाडला आणि मोजल्यावर १९.४ भरतोय, थोडा लंबगोलही आहे. कानस, हे बिटाच्या दोन बाजू सारख्या नसल्यामुळेच का?

कानस

बहुतेक तेच. अभिनंदन!

बिटाच्या दोन्ही गोल कडांना मार्करची शाई लावा, टाकाऊ लाकडात १० मिमी उतरवा आणि बाहेर काढून पाहा. ज्या बाजूची शाई पुसली गेली ती पुढे आहे. तीच किंचित घासायची, पुन्हा शाई लावायची. दोन्हीकडची शाई सारखी जाईपर्यंत हेच करत राहायचं. पाइपला ०.४ मिमीनं काही होत नाही, भिंत पुरेशी जाड असली म्हणजे झालं. तुमची भिंत किती ठेवलीय?

सुतारपक्षी

सगळीकडे ८ मिमीच्या वर आहे. आज रात्री गाल गोल करायला घेतो. शाईचा प्रयोग आधी करून बघतो.